मैल्याची पाटी डोक्यावर घेणाऱ्या नगरपालिका उपाध्यक्षाने निराधार म्हाताऱ्यांसाठी अख्खं गाव वसवलं

सेवाग्राम स्टेशनवरून बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडली की हिंगणघाट लागतं. थोडं पुढे गेलं की वर्धा जिल्हा संपतो, चंद्रपूर सुरू होतो आणि वरोरा येतं. पॅसेंजरने गेलात तरी फार वेळ लागत नाही.

या एवढ्याशा पट्ट्यात एका माणसाचं जवळपास सगळं आयुष्य गेलं. जन्म हिंगणघाटचा, वकिली वरोऱ्याची, गांधीजींची ओढ सेवाग्रामची आणि मुक्काम वरोऱ्याच्या वेशीबाहेरच्या खडकाळ माळावर. नाव मुरलीधर देविदास आमटे. आपण त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतो.

बाबा आमटे म्हटलं की आपल्याला कुष्ठरोग, आनंदवन आणि मग पुरस्कारांची यादी आठवते. शाळेच्या पुस्तकात एवढंच होतं, त्यामुळे आपली चूक नाही. पण या गोष्टीत एक धागा असा आहे ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बाबा हे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. गाव वाढतं तेव्हा कुणाला आत घेतलं जातं आणि कुणाला वेशीबाहेर ढकललं जातं, हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं होतं. आणि ज्यांना मूलबाळ नाही, घरदार नाही, त्यांनी म्हातारपणी राहायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्यासमोर आला तेव्हा देशात त्यावर ना कायदा होता ना योजना.

तर गोष्ट सुरू होते २६ डिसेंबर १९१४ ला, हिंगणघाटात.

तेव्हाचं हिंगणघाट म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. आमटे घराणं जमीनदार, वडील सरकारी नोकरीत. पोराचे लाड असे की मोठेपणी त्याच्याकडे स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या सीटला बिबट्याचं कातडं लावलेलं होतं म्हणतात. हॉलिवूडच्या सिनेमांचं वेड इतकं की इंग्रजी सिनेमासिकात परीक्षणं लिहायचे आणि ग्रेटा गार्बोशी त्यांचा पत्रव्यवहार होता. शिकारीचाही नाद होता. ‘बाबा’ हे नाव लहानपणीचं, घरातलं. संतपण वगैरे त्यात काही नव्हतं.

नागपुरात कायद्याची पदवी घेतली आणि पुढे वरोऱ्यात वकिली सुरू झाली. पैसा चांगला मिळत होता. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या लोकांच्या बचावासाठी वकील उभे करण्यात बाबा पुढे होते, त्यात स्वतःही तुरुंगात जाऊन आले. मधल्या काळात सेवाग्रामला जाणं-येणं सुरू झालं. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, हे गांधीजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी बाबांना ‘अभय साधक’ असं नाव दिलं.

लग्नाचा किस्साही सांगितला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज त्यात आहे. नागपूरच्या घुले कुटुंबात लग्नाची गडबड सुरू होती. सगळे नटूनथटून फिरत होते आणि घरातली एक मुलगी गुपचूप मागच्या दाराला जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. बाबांनी ते पाहिलं आणि तिथेच ठरवलं. त्या मुलीचं नाव इंदू. १९४६ मध्ये लग्न झालं आणि इंदूची साधना झाली. आपण ज्यांना साधनाताई म्हणतो त्या याच.

आता येऊया नगरपालिकेकडे.

त्या काळी गावात आजच्यासारखे संडास नव्हते. टोपलीचे संडास असायचे. सकाळी सफाई कामगारांनी यायचं, टोपलीतला मैला पाटीत भरायचा आणि डोक्यावरून गावाबाहेर न्यायचा. हे काम कुठल्या जातीने करायचं हे ठरलेलं होतं आणि त्यांची वस्ती गावाबाहेर कुठे असायची हेही ठरलेलं होतं. नगरपालिका त्यांना पगार द्यायची आणि तो किती, यावरून कायम वाद असायचा.

बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांच्या बाजूनेही उभे होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेच. त्यांनी ठरवलं की ज्या कामाबद्दल आपण सभेत बोलतो ते आधी करून बघायचं. मग काही महिने वरोऱ्याच्या उपाध्यक्षाने रोज लोकांच्या घरामागे जाऊन संडास साफ केले आणि मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. ब्राह्मण, वकील, जमीनदाराचा मुलगा. गावात काय चर्चा झाली असेल याची कल्पना करा.

त्याच दिवसांतली एक पावसाळी रात्र. रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ, बाबांना एक गाठोडं पडलेलं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं की तो माणूस आहे. कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेतला. बोटं झडलेली, जखमांत अळ्या. त्यांचं नाव तुळशीराम.

बाबा घाबरले आणि पळाले. हो, पळाले. गोऱ्या सैनिकांना भिडलेला माणूस एका मरणाऱ्या माणसाला पाहून पळाला, आणि ही गोष्ट ते पुढे आयुष्यभर स्वतःच सांगत राहिले. घरी गेल्यावर चैन पडेना. परत आले. तुळशीरामांना खाऊ घातलं, पावसापासून वाचवायला आडोसा करून दिला. तुळशीराम वाचले नाहीत.

एका अर्थाने बाबांनी दुसऱ्यासाठी उभारलेलं पहिलं ‘घर’ म्हणजे तो आडोसा.

इथे थोडं थांबून त्या काळचा कायदा समजून घ्यावा लागेल. इंग्रजांनी १८९८ मध्ये महारोग्यांसाठी एक कायदा केला होता. तो जिथे लागू असेल तिथे निराधार कुष्ठरोग्याला पोलीस पकडू शकत होते आणि सक्तीने आश्रमात टाकू शकत होते. कुष्ठरोग्याला खाण्याचे पदार्थ करून विकायला मनाई करता येत होती, भाड्याचं वाहन हाकायला मनाई करता येत होती, आणि नगरपालिकेने नियमातून बंद केलेल्या सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यालाही. म्हणजे गावात कुणी पाणी भरायचं हे स्थानिक कारभारी ठरवू शकत होते. हा केंद्रीय कायदा औपचारिकपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

तेव्हा तुळशीराम गटाराच्या कडेला पोहोचले ते नुसत्या नशिबाने नाही. घराने बाहेर काढलं, गावाने विहीर बंद केली, कामधंदा बंद केला. मग उरतं काय?

बाबांनी अभ्यास सुरू केला. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवलं होतं. सेवाग्राममध्ये परचुरे शास्त्री या कुष्ठरोगी संस्कृत पंडितांची सेवा गांधीजींनी स्वतःच्या हाताने केली होती. म्हणजे वर्धा परिसरात या कामाची वाट आधीच पडलेली होती. १९४९ मध्ये बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले. तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. आजार काही झाला नाही. त्याच वर्षी महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. ऐकायला भारी वाटतं, पण ती जमीन म्हणजे दगड, झुडपं, साप आणि विंचू. पाणी नाही. सरकार अशा कामाला जमीन देतं तेव्हा ती बहुतेकदा अशीच असते, ज्यावर दुसऱ्या कुणाचा डोळा नसतो. तिथे बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर काम सुरू झालं. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. नाव ठेवलं आनंदवन.

पहिलं काम विहीर खोदायचं. का, ते वरचा कायदा वाचल्यावर सांगायची गरज नाही. बोटं नसलेल्या हातांनी खडक फोडला, पाणी लागलं. मग शेती, भाजीपाला, दूध.

आणि इथे गाडी अडली. आनंदवनातली भाजी वरोऱ्याचे लोक घेईनात. दूध घेईनात. रोग लागेल ही भीती. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आले, त्यांनी आनंदवनात राहून इमारती बांधायला मदत केली, तिथलंच खाल्लं. गोरे लोक खातात म्हटल्यावर गावकऱ्यांची भीती थोडी गेली. (यावर हसावं की रडावं कळत नाही, पण झालं असं.)

साठच्या दशकात बाबांनी जो निर्णय घेतला तो मला त्यांचा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. वरोरा भागात कॉलेज नव्हतं. पोरांना शिकायला बाहेर जावं लागायचं. बाबांनी कॉलेज उभं केलं आणि ते आनंदवनाच्या जमिनीवर केलं. बांधायला हात होते कुष्ठमुक्तांचे. ज्या लोकांना गावाने वेशीबाहेर टाकलं होतं, त्यांच्या दारात आता गावाची पोरं रोज सायकलने येऊ लागली. आनंद निकेतन महाविद्यालय ते हेच.

शहर वाढत जातं तसं नको असलेल्या गोष्टी आणखी पुढे ढकलत जातं. आधी कचरा, मग कत्तलखाना, मग झोपडपट्टी. वृद्धाश्रमांचंही अनेक ठिकाणी तसंच होतं, जमीन स्वस्त मिळते म्हणून ते शहरापासून दूर, जिथे बसही जात नाही. बाबांनी उलटं केलं. गावाला ज्याची गरज होती तीच गोष्ट त्यांनी वेशीबाहेर नेऊन ठेवली. नगररचनेची पदवी नसलेल्या माणसाने केलेली ही नगररचना आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हातारपणाचा.

कुष्ठरोगावर औषध आलं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डॅप्सोनच्या गोळ्या मिळू लागल्या होत्या, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. म्हणजे रोग बरा होत होता. मग बरे झालेले लोक घरी का गेले नाहीत? कारण रोग जातो, पण त्याने खराब केलेल्या नसा परत येत नाहीत. हातापायाला संवेदना नसते. चुलीवर हात भाजला तरी कळत नाही. झडलेली बोटं परत उगवत नाहीत. घरच्यांसाठी तो माणूस महारोगीच राहतो. त्याच्या बहिणीचं लग्न अडतं, त्याच्या वाटणीची जमीन भावाने कसायला घेतलेली असते.

त्यामुळे बरे झालेले लोक आनंदवनातच राहिले. काहींची तिथेच लग्नं झाली. बाबांनी ती लावून दिली. पण एक अट होती, लग्नाआधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची. मूल होऊ द्यायचं नाही.

आज हे वाचताना थबकायला होतं. मला तरी झालं. कुष्ठरोग आनुवंशिक नाही हे बाबांना माहीत होतं. त्यामागे विचार असा सांगितला जातो की बोटं नसलेल्या आईबापांनी मूल वाढवणं अवघड, समाज त्या मुलाला जगू देणार नाही आणि तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या वस्तीची लोकसंख्या आवाक्यात राहिली पाहिजे. तेव्हाची परिस्थिती पाहिली तर कारणं समजतात. तरीही राहायला दुसरी जागा नसलेल्या माणसाने मान्य केलेली अट किती स्वेच्छेची असते, हा प्रश्न उरतोच. बाबांच्या मोठेपणामुळे तो विचारायचा नाही असं काही नाही.

पण याच अटीमुळे पुढची जबाबदारी आनंदवनावर आली. माहेर-सासर तुटलेलं, पोटी मूल नाही, अंगात अपंगत्व. असं जोडपं साठ-सत्तरीला पोहोचल्यावर त्यांना कोण बघणार? आपल्याकडे म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा. तो नसेल तर सोयच नाही. आणि इथे तर संस्थेनेच मूल होऊ न देण्याची अट घातलेली.

म्हणून मग जोडप्यांसाठी सुखसदन आलं, वृद्ध कुष्ठमुक्तांसाठी स्नेहसावली आली. पुढे उत्तरायण आलं, ते ज्येष्ठ नागरिकांसाठी, कुष्ठरोगाशी संबंध नसलेल्यांसाठीसुद्धा. ज्या जागेच्या भाजीला लोक शिवत नव्हते तिथे आता निरोगी घरातली म्हातारी माणसं राहायला येऊ लागली.

आनंदवनातली घरं स्वस्तात कशी झाली, याचं उत्तर अगदी साधं आहे. जमीन विकत घ्यावी लागली नाही आणि मजुरी बाहेर गेली नाही. गवंडी तिथलेच, सुतार तिथलेच. नंतरच्या काळात डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने लाकूड आणि लोखंड कमीत कमी लागेल अशी कमानीच्या छताची घरंही बांधली गेली. घराच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा जमिनीचा असतो, हे नागपूर-पुण्यात फ्लॅट शोधणाऱ्या कुणालाही विचारा. तो वाटा सरकारने शून्य केला की उरलेलं काम माणसं करू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. आनंदवनात ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. ज्याला बोटं नाहीत तो मनगटाला दोरी बांधून मागावर बसेल, ज्याला चालता येत नाही तो बसून निवडणं-टिपणं करेल. भीक नको आणि फुकटही नको, हा बाबांचा हट्ट होता. काहींना तो कडक वाटायचा. पण ज्या माणसाला वीस वर्षं कुणी काही करू दिलं नाही, त्याच्यासाठी काम मिळणं हे छप्पर मिळण्याइतकंच मोठं असतं.

बाबांचं स्वतःचं म्हातारपणही काही आरामात गेलं नाही. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसताच येत नव्हतं. एकतर उभं राहायचं किंवा आडवं. याच अवस्थेत १९८५ मध्ये ते ‘भारत जोडो’ यात्रेला कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण पोरं सायकलवर आणि सत्तरी पार केलेले बाबा गाडीत आडवे पडून. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी पद्मविभूषण.

आणि १९९० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी आनंदवन सोडलं. नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, कारण धरणाच्या पाण्यात लोकांची घरं आणि गावं जाणार होती. चाळीस वर्षं बेघरांना घर देण्यात घालवली आणि म्हातारपणी स्वतः जिथे जाऊन राहिले ते घर पाण्याखाली जाण्याच्या वाटेवरचं. साधनाताई बरोबर होत्याच. जवळपास दहा वर्षं ते तिथे होते, मग प्रकृतीमुळे परत आले.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता आनंदवनाच्याच मातीत दफन करण्यात आलं. साधनाताई २०११ मध्ये गेल्या.

बाबा गेले त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, डिसेंबर २००७ च्या अखेरीस, देशात ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांनी आईवडिलांना सांभाळलं नाही तर दाद मागता येते, तो हाच. पण ज्यांना मुलंच नाहीत त्यांचं काय? त्यासाठी कलम १९ आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम उभारू शकेल, ज्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असेल. त्यात ‘शकेल’ हा शब्द नीट वाचा. ‘उभारलाच पाहिजे’ असं कायदा म्हणत नाही.

आता आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. महाराष्ट्रात साठीपुढच्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं. हेच प्रमाण वर्ध्याला लावलं तर एकट्या जिल्ह्यात सव्वा लाखाच्या वर ज्येष्ठ होतात. ते सगळे निराधार नाहीत हे उघड आहे. पण त्यांच्यातल्या निराधारांसाठी कायद्याची किमान कल्पना आहे १५० खाटांची.

आणि नगरपालिका? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे द्यायच्या १८ विषयांची यादी केली. नगररचना त्यात आहे, जमिनीच्या वापराचं नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, दुर्बल घटकांचं हितरक्षण आहे. अपंगांचा वेगळा उल्लेख आहे. वृद्धांचा नाही. म्हणजे शहराचा विकास आराखडा करताना मैदान, शाळा, बाजार, स्मशान यांच्या आरक्षणावर भांडणारे नगरसेवक सापडतील, पण म्हाताऱ्यांच्या परवडणाऱ्या घरांसाठी गावाच्या आत भूखंड राखून ठेवा म्हणणारा एखादा शोधून दाखवा.

अजून एक गोष्ट. बाबा गेले त्याच वर्षी, २००८ मध्ये, ओडिशातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. तिथला नगरपालिका कायदा म्हणत होता की कुष्ठरोग असलेल्या व्यक्तीला नगरसेवक म्हणून निवडून येता येणार नाही आणि आलेला असेल तर पद जाईल. न्यायालयाने ती तरतूद तेव्हा वैध ठरवली. मात्र औषधांमुळे परिस्थिती बदललेली असताना असे कायदे ठेवायचे का, याचा विधिमंडळांनी विचार करावा, असंही नमूद केलं.

ज्या नगरपालिकेच्या उपाध्यक्षाला गटाराशेजारी तुळशीराम सापडले होते, तिथे तुळशीरामांसारख्या कुणाला सभेत बसायची मुभा असती का, हे यावरून तुम्हीच ठरवा.